कोरडी ढास: काढ्याच्या आधी करून बघायचे उपाय

खोकला म्हटलं की बहुतेक घरांत सुंठ, मिरी, दालचिनी, तुळस, आलं असं सगळं एका पातेल्यात पडतं आणि अर्ध्या तासात काढा तयार होतो. छातीत कफ भरला असेल तर त्याचा उपयोग होतो. पण कोरडी ढास असताना हाच काढा दिवसातून तीनदा घेतला, तर दुसऱ्या दिवशी घसा जास्त चुरचुरतो, छातीत जळजळ सुरू होते आणि रात्रीचा खोकला वाढतो. आयुर्वेदाने कासाचे, म्हणजे खोकल्याचे, पाच प्रकार सांगितलेत. वातज, पित्तज, कफज, क्षतज आणि क्षयज. कोरडी ढास त्यातल्या वातजात मोडते आणि तिथे पहिला उपचार स्नेहाचा, म्हणजे तुपाचा सांगितला आहे. सुंठ-मिरीचा नंबर नंतरचा. आधुनिक वैद्यकातही वेगळं सांगत नाहीत. सर्दी-ताप उतरल्यावर घशाचं अस्तर सोललेलं, हुळहुळलेलं राहतं. थंड वारा, धूर, बोलणं, हसणं, कशानेही तिथल्या नसा चाळवतात आणि उबळ येते. त्या जागेवर ओलसर थर टिकवणं हे खरं काम.

आधी खोकला कोणता ते ठरवा. सकाळी उठल्यावर दोन-चार वेळा खोकून बेडका सुटत असेल, छातीत घरघर असेल, तर तो ओला खोकला. तो दाबायचा नसतो, कफ पातळ करून बाहेर काढायचा असतो. घशात खवखव, एकामागून एक कोरडे ठसके, बाहेर काहीच नाही, बोलायला लागलं की उबळ, ही कोरडी ढास. अडुळशाची गल्लत इथेच होते. अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. म्हणजे अडुळसा मुळात चिकट कफासाठी. नुसत्या कोरड्या घशात त्याची कडू चव तेवढी पदरात पडते. गरोदर बाईने तर तो घेऊच नये, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं.

मध

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात भरवशाचा उपाय हाच. मोठ्यांनी दोन चहाचे चमचे, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना एक चमचा, १ ते ५ वर्षांच्या मुलांना अर्धा चमचा, झोपण्याच्या अर्धा तास आधी. चमच्यातून सावकाश चाटायचा, जिभेवर घोळवून गिळायचा आणि वर पाणी प्यायचं नाही. बहुतेक जण तो कपभर गरम पाण्यात ढवळून घटाघट पितात. मग घशावर थर राहतोच कुठे? पाण्यातूनच हवा असेल तर पाणी कोमट असू द्या आणि घोट घोट घ्या. मध उकळत्या पाण्यात किंवा गॅसवरच्या काढ्यात घालू नका, कप हाताला सोसवेल इतका निवला की घाला.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. बारशाला चाटवायचा नाही, बाळगुटीत उगाळायचा नाही, बोटाला लावून ‘नुसती चव’ म्हणूनही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची बीजं असू शकतात. तान्ह्याच्या आतड्यात ती रुजतात आणि त्यांच्या विषाने अंग लुळं पडतं. मध उकळूनही ही बीजं मरत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटवणं अवघड जातं, तरी इथे भीड ठेवू नका.

जेष्ठमध

काष्ठौषधीच्या दुकानात जेष्ठमधाच्या काड्या मिळतात. पूड आणण्यापेक्षा काडीच आणा, कारण पुडीत काय मिसळलंय ते कळत नाही. काडी मोडून बघा. बाहेरून तपकिरी, आतून पिवळी, तंतू लांब निघणारी आणि जिभेला लावताच गोड लागणारी काडी चांगली. आतून राखाडी, पोकळ किंवा मोडताना भुसा सांडणारी काडी जुनी, किडीने खाल्लेली असते.

बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा घ्या, धुवा, सुरीने वरची साल खरवडा. साल ठेवली तर कडवट लागते. तुकडा गालात धरा, अधूनमधून दाढेखाली हलकेच चावा. टोक ब्रशसारखं फुलतं आणि गोड रस घशात उतरत राहतो. वीस-पंचवीस मिनिटांनी गोडी संपली की चोथा थुंकून टाका. तंतू गिळू नका, तेच घशात टोचून नवा ठसका लावतात. दिवसातून दोन-तीन तुकडे पुरेत.

काडी चावणं जमत नसेल तर पूड घ्या, पण कोरडी पूड तोंडात टाकू नका. ती टाळूला चिकटते, श्वासाबरोबर आत ओढली जाते आणि असा ठसका लागतो की डोळ्यांत पाणी येतं. पाव चमचा पूड अर्धा चमचा कोमट तुपात किंवा मधात कालवून, बोटाने थोडी थोडी चाटायची. तिसरी रीत थंड हिमाची. एक चमचा भरड कपभर पाण्यात रात्री भिजत घालायची, सकाळी कुस्करून गाळायची आणि ते पाणी दुपारपर्यंत घोटाघोटाने संपवायचं. घसा लाल होऊन आग होत असेल तर गरम पेयापेक्षा हा हिम बरा वाटतो.

आता सावधगिरीचं. जेष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम घटतं, त्यामुळे रक्तदाब चढतो. रक्तदाबाचे, हृदयाचे, किडनीचे रुग्ण, लघवी वाढवणारी गोळी किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणारे आणि गरोदर बायका यांनी तो वगळावा. बाकीच्यांनीही आठवडा-दहा दिवसांवर रोज घेऊ नये. ‘वनस्पती आहे, काही अपाय नाही’ हे वाक्य जेष्ठमधाला तरी लागू पडत नाही.

तूप-खडीसाखरेचं चाटण

एक चमचा साजूक तूप पळीत पातळ करा. गॅसवरून उतरवून त्यात एक चमचा कुटलेली खडीसाखर आणि चिमटीभर ताजी मिरपूड घाला. मिरी चिमटीच्या वर नको. इथे ती तोंडाला पाणी सुटण्यापुरती आहे. तूप निवून रवाळ होऊ लागलं की खडीसाखर त्यात धरून राहते, तळाशी बसत नाही. हे दोन-तीन वेळा थोडं थोडं चाटायचं, त्यानंतर अर्धा तास गार पाणी नाही. दोऱ्यावर जमवलेली खडीसाखर मिळाली तर बघा. तिचा खडा सावकाश विरघळतो, म्हणून नुसता चघळायलाही चांगला. तुपात मधही घालायचा असेल तर दोन्ही समप्रमाणात घेऊ नयेत असा परंपरेचा दंडक आहे. मध दुप्पट घेतात.

सितोपलादि चूर्ण याच जातीचं. त्याचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन (बांबूच्या पोकळीत मिळणारा पांढरा पदार्थ) ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. प्रत्येक पायरीला निम्मं. पाव ते अर्धा चमचा, दिवसातून दोन-तीनदा, मध किंवा तुपातून. एकूण ३१ भागांत १६ भाग साखर आहे हे मधुमेह्यांनी विसरू नये. ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणून पाण्याबरोबर फक्की मारणाऱ्यांना त्यातून साखर तेवढी मिळते, घशाला काही नाही.

तोंडात धरायच्या वस्तू

प्रवासात, कचेरीत, वर्गात चाटणं घेऊन बसता येत नाही. तिथे बेहडा उपयोगी पडतो. वाळलेलं फळ बत्त्याने ठेचून बी काढून टाका. बीच्या आतला गर खायचा नाही, हवी ती फक्त वरची साल. तव्यावर थेंबभर तूप सोडून साल मंद आचेवर मिनिटभर परता आणि डबीत भरून ठेवा. नखाएवढा तुकडा गालात धरला की आधी तुरट लागतो, मग भराभर लाळ सुटते. ढासेला लागणारं खरं औषध ही लाळच. बाभळीच्या डिंकाचा हरभऱ्याएवढा खडाही असाच चघळता येतो. त्याला चव नसते, पण विरघळताना घशावर बुळबुळीत थर चढतो.

लवंग तव्यावर फुगेपर्यंत भाजा, टोकाचं गोल बोंडूक काढून टाका आणि गालात धरा. तिच्यातल्या युजेनॉलने घसा किंचित बधिर होतो आणि खवखव दबते. दिवसाला दोन-तीन लवंगा बस्स. त्याहून जास्त धरल्या तर गालाचं आतलं कातडं सोलवटतं. लवंगेचं तेल घशाला लावायच्या भानगडीत पडू नका. लहान मुलांना यातलं काहीच तोंडात धरायला द्यायचं नाही. उबळ आली की तुकडा श्वासनळीत जातो.

जवसाचं पाणी

हा उपाय मागे पडला आहे, पण घसा कोरडा ठाक पडणाऱ्यांनी करून बघावा. एक मोठा चमचा अख्खे जवस दोन कप पाण्यात घाला आणि मंद आचेवर सात-आठ मिनिटं उकळा. पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताराळ झालं की गॅस बंद करून गरम असतानाच गाळा. ‘निवल्यावर गाळू’ म्हणून ठेवलंत तर सगळं खळीसारखं घट्ट होतं आणि गाळणीतून थेंब उतरत नाही. जवस कुटूनही घेऊ नका. तेल सुटतं आणि वास येतो. गाळलेल्या पाण्यात चिमूट मीठ किंवा निवल्यावर चमचाभर मध घालून दिवसभरात चार-पाच वेळा दोन-दोन घोट घ्या. रोजच्या गोळ्या असतील तर त्यात आणि या पाण्यात दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर बुळबुळीतपणामुळे औषध हळू शोषलं जातं.

गुळण्या आणि वाफ

मोठा पेला (साधारण २५० मिली) कोमट पाणी, त्यात अर्धा चहाचा चमचा मीठ. मीठ यापेक्षा वाढवलं तर घसा आणखी कोरडा पडतो, आणि ‘जरा जास्त टाक, लवकर बरं वाटेल’ हे नेमकं इथेच होतं. हळद घालायची तर चिमूटभर. ती पाण्यात विरघळत नाही, म्हणून प्रत्येक घोटाआधी ढवळा. घोट घ्या, मान मागे टाका आणि ‘आऽऽ’ असा आवाज काढत दहा-पंधरा सेकंद खळखळवा. आवाज काढला तरच पाणी पडजिभेच्या मागपर्यंत पोचतं. पेला संपेपर्यंत करा, दिवसातून तीन-चार वेळा. पाणी गिळू नका, रक्तदाबवाल्यांनी विशेषतः. साधारण सहा वर्षांखालच्या मुलांना गुळणी नीट जमत नाही, त्यांना लावू नका.

वाफेने चोंदलेलं नाक मोकळं होतं आणि तोंडाने श्वास घेणं थांबतं. त्यातून घशाला मिळतो तेवढाच तिचा फायदा. पातेलं टेबलावर, भिंतीकडे सरकवून ठेवा. मांडीवर किंवा गादीवर नको. उकळी थांबल्यावर दोन मिनिटांनी, फूटभर वरून, पाच ते सात मिनिटं वाफ घ्या. पाण्यात कापूर, बाम, निलगिरी तेल घालायची गरज नसते. तिखट वासाने कोरडी ढास उलट उसळते. लहान मुलांच्या पोटात किंवा नाकात कापूर गेला तर झटके येऊ शकतात. मुलांना गरम पातेल्यापाशी बसवणं टाळाच, पातेलं कलंडून भाजल्याचे प्रकार नेहमीचे आहेत. त्याऐवजी न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडा, दार लावा आणि मुलाला कडेवर घेऊन दहा मिनिटं बसा.

हळद-दूध आणि आल्याच्या वड्या

हळद नुसत्या दुधात टाकली की वर तरंगते आणि कच्चट लागते. अर्धा चमचा तुपात पाव चमचा हळद मंद आचेवर दहा सेकंद परता, लगेच कपभर दूध ओता, चिमूट मिरपूड घाला, एक उकळी आणा. हळद काळपट झाली तर दूध कडू होतं, मग ते फेकून पुन्हा करणं बरं. दुधाने कफ होतो ही समजूत फार पक्की आहे. दूध लाळेत मिसळून घशात दाटसर लागतं एवढंच, त्याने नवा कफ तयार होत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हळद आमटी-भाजीपुरतीच ठेवा.

आलं कोरड्या घशाला झोंबतं, पण साखरेत आणि सायीत मुरलेलं आलं सोसतं. म्हणून आलेपाक. १०० ग्रॅम कोवळं आलं घ्या. जून आल्याचे दोर वडीत दाताखाली येतात. सोलून तंतूंना आडव्या पातळ चकत्या करा आणि मिक्सरमधून बारीक वाटा. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तुपावर हे वाटण तीन-चार मिनिटं परता. ही पायरी गाळू नका. कच्च्या आल्यातल्या एन्झाइमने दूध फाटतं, परतल्यावर त्याचा जोर जातो. मग ३०० ग्रॅम साखर, पाव वाटी साय किंवा दूध घालून मध्यम आचेवर सतत ढवळा. बारा-पंधरा मिनिटांत मिश्रण कडा सोडून गोळा व्हायला लागतं आणि कढईच्या काठाला पांढरी साखर जमते. ताटलीत थेंब टाका. बोटांत त्याची मऊ गोळी वळली की वेलचीपूड घालून तूप लावलेल्या ताटात ओता, वाटीच्या बुडाने थापा आणि गरम असतानाच वड्या कापा. गार झाल्यावर कापायला घेतल्या की चुरा होतो. वड्या पडल्याच नाहीत तर पाक कच्चा राहिला, परत कढईत घालून दोन-तीन मिनिटं आटवा. भुसभुशीत झाल्या तर दोन चमचे दूध शिंपडून पुन्हा गरम करा. ढास असताना दिवसाला दोन-तीन वड्या चघळायच्या, चावून खायच्या नाहीत.

तरीही काढा प्यायचाच असेल तर तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, मिरी १ हे प्रमाण धरा. आयुष मंत्रालयाने २०२० मध्ये आयुष क्वाथासाठी हेच दिलं होतं. त्या मिश्रणाची अर्धा चमचा भरड कपभर पाण्यात, दिवसातून एकदा, जेवणानंतर. जोडीला जेष्ठमध किंवा चार मनुका उकळल्या तर तिखटपणा मोडतो.

रात्र

आडवं झालं की नाकामागचा स्राव घशात उतरतो आणि पोटातलं आम्ल वर चढतं, म्हणून ढास रात्री जोर करते. जेवण झोपेच्या तीन तास आधी उरका. तळलेलं, आंबट, शेव-फरसाण टाळा. मऊ भात, वर तूप आणि मेतकूट, किंवा तूप घातलेली पेज, एवढं पुरे. उशी एकावर एक रचली तर नुसती मान वाकते. पलंगाची डोक्याकडची बाजू विटेने चार-सहा इंच उचला. पंख्याचा झोत तोंडावर नको, एसी २६ च्या खाली नको. डासांची कॉइल, अगरबत्ती, धूप बंद. मिरचीच्या फोडणीचा ठसका ढास असलेल्या माणसाला तासभर पुरतो, तेव्हा स्वयंपाकाच्या वेळी त्याला दुसऱ्या खोलीत बसवा.

उबळ आलीच तर ती मोडायची एक युक्ती आहे. तोंड घट्ट मिटा, एक घोट पाणी किंवा नुसती लाळ गिळा, पाच आकड्यांपर्यंत श्वास धरा, मग नाकाने छोटे-छोटे श्वास घ्या. तोंड उघडून मोठा श्वास घेतला की कोरडी हवा घशावर आपटते आणि पुढचा ठसका ठरलेलाच. सारखं खाकरायची सवयही सोडा. दर खाकरण्याने तीच जागा खरवडली जाते.

घरगुती उपाय कुठे थांबवायचे

सर्दीनंतरची ढास तीन आठवडे, कधी आठ आठवडेही रेंगाळते आणि आपोआप जाते. पण दोन आठवड्यांवर खोकला, त्यात संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं किंवा थुंकीत रक्त, असं काही असेल तर क्षयाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. पहाटे धाप लागून खोकला येत असेल, छातीत शिट्टी वाजत असेल तर दम्याची शंका घ्यायला हवी. आंबट ढेकरा आणि छातीतली जळजळ सोबत असेल तर मूळ घशात नसून पोटात आहे. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल यांपैकी गोळी चालू असेल तर ढास त्या गोळीचीच असू शकते, मग कितीही मध चाटा, उपयोग नाही. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगून बदलून घ्या. बदलल्यावरही खोकला जायला काही आठवडे लागतात.

मुलांच्या बाबतीत वाट कमी बघायची. खेळता-खाता अचानक ठसका लागून खोकला सुरू झाला तर शेंगदाणा, फुटाणा श्वासनळीत अडकलेला असू शकतो, मध चाटवत बसू नका. मूल शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, दोन महिने ते एक वर्ष ५० आणि एक ते पाच वर्षं ४०, या आकड्यांना किंवा त्यांच्या वर श्वास गेला तर लगेच दवाखाना. ओठ निळसर दिसले किंवा बरगड्यांखाली खड्डे पडत असले तर मोजत बसायचीही गरज नाही. आणि घरात उरलेली खोकल्याची बाटली मुलाला देऊ नका. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत, अशी सूचना केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढली आहे.